शीतकाळातील प्राणी-वाहतूक : जीवदयेचे एक दुर्लक्षित अंग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या भुलेश्वर भागात १८३४ साली पांजरपोळ संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत सर जमशेदजी जीजीभॉय या पारशी गृहस्थांचा आणि शेठ मोतीशा अमीचंद या जैन श्रेष्ठींचा पुढाकार होता. पुढे गावोगावी अशा संस्था उभ्या राहिल्या. दानशूरांनी गोठे बांधले, पाण्याचे हौद बांधले, चाऱ्याची कोठारे भरली, आजारी जनावरांसाठी स्वतंत्र विभाग केले. संस्थेच्या दारातून आत आलेल्या मूक जिवाची काळजी कशी घ्यावी, याची एक परंपराच निर्माण झाली.

तो जीव त्या दारापर्यंत कसा आणावा, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या थंडीत तो कसा आणावा, याचा विचार तर फारच थोड्या ठिकाणी होताना दिसतो. आजच्या भाषणाचा विषय तेवढाच आहे.

संस्थेत येणाऱ्या जनावराच्या वाट्याला बहुधा दोन प्रवास येतात. पहिला प्रवास दुसऱ्या कोणीतरी घडवलेला असतो. बाजारातून, दुष्काळी गावातून किंवा अवैध वाहतुकीच्या वाहनातून झालेल्या त्या प्रवासावर संस्थेचा ताबा नसतो. पोलिसांनी वाहन अडवले, गुन्हा नोंदवला आणि जनावरे संस्थेच्या हवाली करण्याचे ठरले, की दुसरा प्रवास सुरू होतो. तो दहा किलोमीटरांचा असेल किंवा शंभर किलोमीटरांचा, त्याची जबाबदारी नेणाऱ्यांवर असते. केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार खटला चालू असताना अशी जनावरे पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेच्या ताब्यात देण्याची तरतूद आहे. म्हणजे हा दुसरा प्रवास अपवादाचा राहिलेला नाही. तो संस्थेच्या नित्य कामाचा भाग झाला आहे.

प्रत्यक्षात हा प्रवास कसा होतो? पंचनामा होईपर्यंत रात्रीचे बारा-एक वाजतात. दुसरे वाहन मिळत नाही, म्हणून त्याच ट्रकमध्ये, त्याच ओल्या फळ्यांवर, त्याच दाटीत जनावरे पुढे नेली जातात. कार्यकर्त्यांची तळमळ खरी असते आणि घाईही तिच्यातूनच येते. पहाटे तीन-चारच्या सुमारास, गारठ्याच्या वेळी, उघडा ट्रक महामार्गावरून धावत असतो. सकाळी उतरवताना एखादे जनावर उठत नाही. आणखी दोघे-तिघे आठवडाभरात फुप्फुसाच्या विकाराने जातात. नोंदवहीत ‘अशक्तपणामुळे मृत्यू’ असे लिहिले जाते आणि विषय तेथेच संपतो. जे जनावर सुटले असे सर्वांनी मानले, ते सोडवणाऱ्यांच्याच हातून प्रवासात खचले, ही गोष्ट त्या एका ओळीत कोठेही दिसत नाही.

महाराष्ट्रात अशी काय थंडी पडते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. बर्फ पडणाऱ्या देशांत हे ठीक आहे, आपल्याकडे एवढा बाऊ कशाला, असेही कोणी म्हणेल. या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, हे द्राक्षबागाईतदारांना चांगले ठाऊक आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गार वारा एकदम आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उघड्या रानात बसलेल्या धनगरांच्या कळपांतील मेंढ्या शेकडोंनी मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसांत तापमान गोठणबिंदूच्या जवळपासही नव्हते. मग त्या मेंढ्या कशाने मेल्या?

त्या वाऱ्याने आणि ओलीने मेल्या. तापमापकाचा आकडा हा थंडीचा केवळ एक भाग आहे. जनावराच्या अंगातील ऊब हिरावून नेणाऱ्या गोष्टी चार : वारा, ओल, उपास आणि खोळंबा. वाहनातून प्रवास करणाऱ्या जनावराला या चारही एकाच वेळी गाठतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम वारा. अंगाभोवती शरीराच्या उबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, तो केसांमध्ये अडकून राहतो. वारा तो थर सतत उडवून नेतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी दक्षिण ध्रुव प्रदेशात पाण्याने भरलेले नळकांडे वाऱ्यात टांगून ते किती वेळात गोठते, हे मोजले. १९४५ साली त्यांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या विषयाच्या मोजमापाचा पाया त्यातून घातला गेला. आज अमेरिका व कॅनडा येथे वापरात असलेले सूत्र २००१ साली स्वीकारले गेले. ते माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी आहे, तरी त्यातून अंदाज येतो. हवेचे तापमान १० अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर त्वचेला सुमारे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. तापमान ५ अंश असेल तर तीच जाणीव शून्याच्याही खाली, उणे २ अंशांच्या आसपास जाते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ताशी ६० किलोमीटर वारा महाराष्ट्रात थंडीच्या रात्री क्वचितच वाहतो. परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक हा वारा स्वतःच निर्माण करतो. झाडाचे पानही हलत नसलेल्या रात्री हौद्यात उभे असलेले जनावर मात्र वादळात उभे असते. चालक काच लावून, कानटोपी घालून बसलेला असतो. त्याला याची कल्पना येत नाही. रात्री जनावरे न्यावीच लागली तर वेग कमी ठेवणे हाही थंडीवरचा एक उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट ओल. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट सहज वाहून नेते. पाश्चात्य देशांतील पशुवैज्ञानिकांनी गुरांच्या बाबतीत असा हिशेब मांडला आहे, की हिवाळी केसांचे कोरडे आवरण असलेली धष्टपुष्ट गाय सुमारे शून्य अंशापर्यंत थंडी फारसा त्रास न होता सहन करते. त्याच गायीचे अंग भिजले, तर तिला १५ अंशांपासूनच थंडी बाधू लागते. गाय तीच, हवा तीच. फरक फक्त भिजलेल्या अंगाचा. आपल्याकडील गुरांचे केस आखूड आणि विरळ असतात, कारण त्यांची जडणघडण उष्ण हवामानासाठी झालेली आहे. त्यांना तर कोरडेपणाची गरज अधिकच.

ही ओल केवळ पावसानेच येते असे नाही. दव पडते. गाडी धुऊन लगेच भरली तर फळ्या ओल्या राहतात. लघवी व शेण तळाशी साचते आणि थकून बसलेल्या जनावराचे पोट व कास त्यात भिजते. दाटीत उभ्या असलेल्या जनावरांच्या श्वासातील वाफ गार ताडपत्रीला लागून थेंबांच्या रूपाने त्यांच्याच पाठीवर पडते. यातील बहुतेक ओल माणसाला टाळता येते.

तिसरी गोष्ट उपास. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट ही एक शेगडीच आहे. कडबा, गवत, पेंढा यांसारखा तंतुमय चारा तेथे आंबतो आणि त्या क्रियेतून काही तास ऊब मिळत राहते. दिवसभर उपाशी असलेल्या जनावराची ही शेगडी विझलेली असते. वृद्ध, हडकुळ्या जनावराच्या अंगावर चरबीही नसते. म्हणजे घरात सरपण नाही आणि भिंतींना गिलावाही नाही, अशी त्याची स्थिती असते. अशा जनावराला निघण्यापूर्वी दोन-तीन तास कोरडा चारा खाऊ देणे आणि पाणी पाजणे हे पांघरुणाइतकेच मोलाचे आहे. पाणी हंड्यात रात्रभर ठेवलेले नसावे, विहिरीचे किंवा बोअरचे ताजे असावे. ते पहाटेही कोमट असते आणि जनावर पोटभर पिते. थंडीत पाणी कमी पिऊन कोरडा चारा खाल्ला तर पोट बांधते.

याच संदर्भात एक सूचना सर्व दात्यांसाठी. उपाशी, थकलेल्या जनावरासमोर भक्तिभावाने लापशी, भाकरी, गूळ किंवा धान्य भरपूर ठेवले जाते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात धान्य व गोड पदार्थ एकदम मोठ्या प्रमाणात गेले तर तेथे आम्लता वाढते आणि जनावर दगावू शकते. प्रवासाहून आलेल्या जनावराला पहिले दोन दिवस साधा चारा आणि पाणी द्यावे. त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने हळूहळू पेंड वा धान्य सुरू करावे. दात्याने लापशीऐवजी कडब्याच्या पेंढ्या दिल्या, तर पुण्य तेच पडेल आणि जनावरही वाचेल.

चौथी गोष्ट खोळंबा. याचे एक बोलके उदाहरण परदेशात आहे. अंड्यातून बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात बलकाचा काही अंश शिल्लक असतो. त्यावर ते सुमारे ७२ तास अन्नपाण्यावाचून जगू शकते. निसर्गाच्या या शिदोरीच्या भरवशावर अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले टपालाने पाठवली जातात. खोक्यात कप्पे करून प्रत्येक कप्प्यात साधारण पंचवीस पिल्ले ठेवतात, म्हणजे ती एकमेकांच्या उबेने राहतात आणि चेंगरतही नाहीत. हा सारा हिशेब ७२ तासांवर उभा आहे. २०२५ च्या वसंत ऋतूत तेथील डेलावेअर राज्यात सुमारे १२,००० पिल्ले टपालाच्या एका ट्रकमध्ये तीन दिवस तशीच राहिली आणि त्यांतील सुमारे ४,००० मृत्यू पावली. कडाक्याच्या थंडीचे ते दिवस नव्हते. खोकी योग्य होती, रचनाही शास्त्रशुद्ध होती. ठरलेला वेळ मात्र उलटून गेला होता. अशा व्यापारात जिवाचे पार्सल व्हावे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि येथे जमलेल्या श्रोत्यांचे त्यावरील उत्तर सांगण्याची गरज नाही. परंतु धडा सर्वांना लागू आहे. प्रवासाची तयारी ठरलेल्या वेळेपुरती करून भागत नाही. गाडी बिघडली, घाटात वाहतूक अडली, कागदपत्रे तपासण्यासाठी चार तास थांबावे लागले, तरी जनावर तग धरील एवढी तयारी हवी.

आता याच्या उलट बाजूची चूक पाहू, कारण ती सद्भावनेतून होते आणि तितकीच घातक असते. थंडी लागू नये म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी करकचून बांधली जाते. कापडाची गाठ पाठवताना व्यापारी नेमके हेच करतो. बारदान शिवतो, वर ताडपत्री आवळतो आणि पाण्याचा थेंब किंवा वाऱ्याची झुळूक आत जाणार नाही याची खात्री करतो. गाठ श्वास घेत नाही, म्हणून तिला हे चालते. बंद हौद्यात जनावरांच्या श्वासाने हवा जड होते, लघवीतून उग्र वायू सुटून डोळे व फुप्फुसे चुरचुरतात, आणि वाफ पाण्यासारखी ठिबकू लागते. असे गुदमरलेले, घामाने व वाफेने भिजलेले जनावर पहाटे एकदम उघड्या गार हवेत उतरवले, तर चौघांतील ओल आणि वारा हे दोन्ही शत्रू एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात.

म्हणून सूत्र असे ठेवावे : वारा अडवावा, हवा अडवू नये. ट्रकच्या पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या तळापासून जनावराच्या पाठीच्या उंचीपर्यंत ताडपत्रीने, बारदानाने किंवा प्लायवूडने बंद कराव्यात. त्यावरची पट्टी मोकळी सोडावी. छतावरची ताडपत्री जनावरांच्या पाठीपासून पुरेशी उंच ताणलेली असावी. दर थांब्याला सोबत्याने आत डोकावून पाहावे. डोळे चुरचुरले किंवा ताडपत्री आतून ठिबकत असली, तर फार बंद झाले आहे. तळाचा पेंढा उडत असेल, तर फार उघडे आहे. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही.

या बाबतीत कायदा काय सांगतो तेही पाहावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. त्यांनुसार एका मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा अधिक मोठी गुरे नेता येत नाहीत, सोबत एक देखभाल करणारा माणूस लागतो, दुसरा माल भरता येत नाही, घसरू नये म्हणून तळाला काथ्याची चटई वा लाकडी फळ्या लागतात आणि प्रवासयोग्यतेचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मोटार वाहन नियमांत २०१५ साली दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१६ पासून गाय-म्हशीसाठी किमान २ चौरस मीटर, शेळी-मेंढीसाठी ०.३ चौरस मीटर असे स्वतंत्र कप्पे सांगितले गेले. २००१ च्या तरतुदीनुसार नवजात, आजारी, आंधळे, हडकुळे, लंगडे, थकलेले किंवा गेल्या ७२ तासांत व्यालेले जनावर वाहतुकीस अयोग्य ठरते.

थंडीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आकडा पायी नेण्याच्या २००१ च्या नियमांत आहे. पाच किलोमीटर वा त्याहून अधिक अंतर पायी न्यायचे असेल तर गाय, म्हैस, घोडा, शेळी व मेंढी यांच्यासाठी तापमान १२ ते ३० अंशांच्या दरम्यान असावे, वासरे व कोकरे यांच्यासाठी १५ ते २५ अंशांच्या दरम्यान असावे, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर चालवू नये, असे ते नियम सांगतात. पायी चालणाऱ्या जनावराला निदान चालण्याची ऊब मिळते. ट्रकमध्ये दावणीला उभे असलेल्या जनावराला तीही नसते आणि वारा मात्र अधिक असतो. तेव्हा चालत्या जनावरासाठी घातलेली १२ अंशांची मर्यादा संस्थांनी वाहनासाठीही स्वतःहून पाळावी, हे सयुक्तिक ठरेल. युरोपीय संघाच्या नियमांत आठ तासांहून लांबच्या प्रवासासाठी वाहनातील तापमान ५ ते ३० अंशांच्या दरम्यान राखण्याची अट आहे. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांना वाहनातून विमानापर्यंत नेताना ७.२ अंशांखालील थंडीत ४५ मिनिटांहून अधिक काळ ठेवता येत नाही. बर्फाच्या देशांनाही मर्यादा घालावीशी वाटली, ही गोष्ट बोलकी आहे.

कायद्याच्या आधी धर्माने हे सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार गणले आहेत : प्राण्याला बांधून घालणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. यांतील बांधणे, दाटी व भार, आणि अन्नपाण्याचा अवरोध हे तीन दोष एका निष्काळजी प्रवासात एकत्र घडू शकतात. हेतू जीव वाचवण्याचा होता, एवढ्याने ते दोष टळत नाहीत. म्हणूनच प्रवासात यतना हवी.

ही यतना प्रत्यक्षात कशी असावी, याची थोडक्यात मांडणी अशी :

पहिले, घाई नको. जनावरे रात्री ताब्यात आली आणि त्यांच्या जिवाला जागेवर अन्य धोका नसेल, तर पोलीस अधिकाऱ्यांच्या अनुमतीने ती जवळच्या आडोशाला, बाजार समितीच्या छपरात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उतरवून घ्यावीत. चारा-पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाने तपासल्यावर ऊन वर आल्यानंतर, साधारण आठ-नऊच्या सुमारास, प्रवास सुरू करावा. सूर्यास्तापूर्वी पोहोचेल एवढाच टप्पा ठेवावा.

दुसरे, अशक्तांना मागे ठेवावे. जे जनावर स्वतःहून उठू शकत नाही, त्याच्यावर तेथेच उपचार करावेत. दहांपैकी आठ नेऊन दोन मागे ठेवणे म्हणजे काम अपुरे राहणे नव्हे.

तिसरे, तळ कोरडा करावा. आधीचा ओला थर काढून, फळ्या पुसून त्यावर पेंढा अंथरावा. रेल्वेच्या डब्यासाठी नियमांत सहा सेंटीमीटरांचा थर सांगितला आहे. थंडीत ट्रकमध्ये त्याच्या दुप्पट घातला तरी तो वाया जात नाही. मोकळ्या गोण्यांमध्ये सुका पेंढा भरून सोबत ठेवावा आणि थांब्यावर ओल्या जागी टाकावा.

चौथे, झूल कोरडी असेल तरच घालावी. गोणपाटाची जाड झूल अशक्त जनावराला व वासराला फार उपयोगी पडते. ती भिजली की लगेच काढावी, कारण ओली झूल उघड्या अंगापेक्षा वाईट.

पाचवे, थांबा आडोशाला घ्यावा. घाटमाथ्यावर, पुलावर, मोकळ्या माळावर गाडी उभी करू नये. मार्गावरील गोशाळा, पशुवैद्यकीय दवाखाने आणि ओळखीचे शेतकरी यांचे दूरध्वनी क्रमांक चालकाजवळ लिहून द्यावेत, म्हणजे गाडी बिघडली तर जनावरे कोठे उतरवायची हा प्रश्न मध्यरात्री रस्त्यावर पडणार नाही.

सहावे, पोहोचल्यावर प्रत्येक जनावराचे कान आणि तोंडाची आतील बाजू हाताने तपासावी. गुरांच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते. पाठ वाकवून थरथरणारे जनावर अजून झुंजत असते. थरथर थांबली आणि कान-तोंड गार लागले, तर ते अधिक गंभीर समजावे व पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. तोपर्यंत गोणपाटाने अंग कोरडे चोळावे आणि वाऱ्याआड जाड पेंढ्यावर ठेवावे. पडलेल्या जनावराच्या तोंडात नळीने वा बाटलीने पाणी, तेल किंवा काढा ओतू नये. तो फुप्फुसात जातो.

थंडीतील एक छोटा प्रवास अजून सांगायचा राहिला. मकर संक्रांतीच्या दिवशी पतंगाच्या मांज्याने पक्षी जखमी होतात आणि अनेक जैन युवक मंडळे त्यांच्यासाठी शिबिरे घेतात. पक्ष्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा अधिक, चाळीस अंशांच्या वर असते. रक्तस्राव आणि धक्का यांमुळे त्याची ऊब फार लवकर जाते. स्कूटरवर, हातात धरून, गार वाऱ्यात त्याला नेणे योग्य नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडावीत, तळाला मऊ सुती कापड घालावे, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको वाटल्यास पक्ष्याला दूर सरकता येते. झाकण बंद करून खोके अंधारे ठेवावे. अंधारात तो शांत राहतो. चोचीत पाणी किंवा दूध घालू नये. पिसांत अडकलेला मांजा ओढू नये, पक्ष्याला तसाच न्यावा. तो काढणे पशुवैद्यकाचे काम आहे. गुरांच्या बाबतीत जे सूत्र सांगितले तेच येथेही आहे : ऊब द्यावी, हवा रोखू नये, आणि वेळ दवडू नये.

या सर्व गोष्टींना मोठा निधी लागत नाही. दोन चांगल्या ताडपत्र्या, पन्नास गोणपाटी झुली, वीस-पंचवीस गोण्या सुका पेंढा, काथ्याच्या चटया, चढ-उतारासाठी आडव्या पट्ट्या ठोकलेला लाकडी उतार आणि एक तापमापक एवढे साहित्य प्रत्येक संस्थेने कार्तिक पौर्णिमेपूर्वी एका जागी बांधून ठेवावे. ज्या दात्यांना नवा गोठा बांधणे शक्य नसेल, त्यांना हा संच देता येईल. त्यावर नावाची पाटी लागणार नाही, पण दरवर्षी तो कामाला येईल.

आणि नोंदवहीत चार रकाने वाढवावेत : जनावर गाडीत चढवल्याची वेळ, उतरवल्याची वेळ, त्या वेळचे तापमान, आणि अंग कोरडे होते की ओले. आल्यापासून पंधरा दिवसांत दगावलेल्या प्रत्येक जनावराची नोंद या चार रकान्यांशी ताडून पाहावी. व्यापारी माणूस वर्षअखेरीस नफा-तोट्याचा ताळा घेतो, तसा हा ताळा दरवर्षी विश्वस्तांच्या सभेसमोर ठेवावा. किती जनावरे आली, हा आकडा अहवालात छापला जातोच. थंडीच्या प्रवासानंतर किती जगली, हा आकडाही त्याच्या शेजारी छापला जावा. तो सुधारत गेला, तर दुसरा प्रवासही जीवदयेच्या मार्गाने होऊ लागला असे समजता येईल.

जय जिनेंद्र.